संगणक अभियांत्रिकीचं शैक्षणिक कर्ज: पगारातून हप्ता निघतो का?

सरकारी बँकेचं शैक्षणिक कर्ज हे बाजारातल्या बाकी कर्जांच्या मानाने सौम्य आहे. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, शिक्षण चालू असताना हप्ता नसतो, त्या काळात व्याज सरळव्याजाने धरलं जातं आणि मुदतीआधी फेडलं तर दंड पडत नाही. पर्सनल लोन किंवा सोनेतारण काढून फी भरायला निघालेल्यांनी आधी एवढं लक्षात घ्यावं. हे कर्ज बिघडतं ते रकमेवर. कॉलेज कोणतं, सीट कोणत्या कोट्यातली, तिथल्या मधल्या मुलाला पगार किती मिळतो, यातलं काहीच न बघता ‘कॉम्प्युटर आहे, फिटेल’ एवढ्या हिशेबावर आकडा ठरवला जातो. या शाखेचं नाव बँकेच्या अधिकाऱ्यालाही आवडतं, म्हणून कर्ज मंजूर होतं. बँकेने दिलं म्हणजे झेपेल, असा मात्र त्याचा अर्थ नाही.

आधी कर्ज वाढतं कसं ते बघू. चार वर्षं दरवर्षी दीड लाख, म्हणजे एकूण सहा लाख उचलले. दर उदाहरणापुरता १०.५ टक्के. हप्ता सुरू होतो कोर्स संपल्यावर वर्षभराने, म्हणजे पहिल्या रकमेपासून पाच वर्षांनी. पहिल्या वर्षीच्या दीड लाखावर पाच वर्षांचं व्याज चढतं, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन. एकूण चौदा वर्षांचं व्याज, दर वर्षाला १५,७५०. बेरीज २,२०,५००. हप्त्याच्या पहिल्या दिवशी ही रक्कम मुद्दलात मिळवली जाते आणि सहा लाखांचे ८,२०,५०० होतात. यापुढचं व्याज या रकमेवर, दरमहा.

आता मुदत. पाच वर्षांत फेडायचं तर हप्ता साधारण १७,६४०, सात वर्षांत १३,८३०, दहा वर्षांत ११,०७०, पंधरा वर्षांत ९,०७०. दहाची पंधरा केली की हप्ता जेमतेम दोन हजारांनी उतरतो, पण एकूण भरणा सुमारे १३.२९ लाखांवरून १६.३३ लाखांवर जातो. महिन्याच्या दोन हजारांच्या सवलतीसाठी तीन लाख मोजायचे. पंधरा वर्षांची मुदत कागदावर घेऊन ठेवायला हरकत नाही, नोकरी गेली तर ती उपयोगी पडते. फेड मात्र आठ-दहा वर्षांच्या हिशेबाने करावी.

समोरच्या पारड्यात पगार. इथे घरोघरी एकच चूक होते, पॅकेजला बाराने भागलं जातं. आयटी सेवा कंपन्यांच्या सरसकट भरतीतलं पॅकेज गेली कित्येक वर्षं साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळत आहे. टीसीएसच्या निन्जा गटाला ३.३६ लाख, इन्फोसिसच्या सिस्टिम इंजिनिअरला ३.६ लाख, हे आकडे प्लेसमेंटला बसलेल्या प्रत्येकाला पाठ असतात. ३.६ लाखांना बाराने भागून तीस हजार येतात. त्या तीस हजारांची स्लिप उलगडून बघा. बेसिक १५,००० धरलं तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि ग्रॅच्युइटी सुमारे ७२० हे सीटीसीत (म्हणजे पॅकेजमध्ये, कंपनीच्या एकूण खर्चाच्या आकड्यात) धरलेलं असतं, पण हातात येत नाही. गटविम्याचे चारपाचशे गेले. पाच टक्के व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीनुसार मिळणारा भाग असेल तर दीड हजार तिमाहीला किंवा वर्षाअखेर, तेही पूर्ण मिळतील याची हमी नाही. उरलेल्या साडेपंचवीस हजारांतून स्वतःचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० कापला की खात्यात पडतात साडेतेवीस हजार. त्यात हिंजवडीला कॉट बेसिसवर जागा, मेस, जाणं-येणं. दहा-बारा हजार सहज जातात. घरी काही पाठवायचं असेल तर तो हिशेब वेगळाच.

आमच्या मते दहा वर्षांच्या मुदतीने निघणारा हप्ता पहिल्या इन-हँड पगाराच्या चौथ्या हिश्श्याच्या वर जाऊ नये. तिसरा हिस्सा ही शेवटची हद्द, तीही मुलगा किंवा मुलगी घरी राहून नोकरी करणार असेल तरच. या फूटपट्टीने साडेतीन लाखांच्या पॅकेजला सहा हजारांचा हप्ता झेपतो. उलटा हिशेब केला तर सहा हजार म्हणजे हप्ता सुरू होताना साडेचार लाखांच्या थोडं आतलं कर्ज, आणि मूळ उचल अवघी सव्वातीन लाख. चार वर्षांत सव्वातीन लाख! खाजगी कॉलेजच्या खुल्या सीटची फी आणि हॉस्टेल मिळून बहुतेक ठिकाणी याच्या बरंच वर जातं. वरचं सहा लाखांचं कर्ज निवांत फेडायचं तर पॅकेज सात लाखांच्या आसपास हवं. ते कॉम्प्युटरच्या मुलांना मिळतं, पण वर्गातल्या सगळ्यांना नाही.

मग ‘सगळ्यांना’ काय मिळतं हे कळायचं कसं? कॉलेजच्या गेटवरच्या फ्लेक्सवर सगळ्यात मोठं पॅकेज असतं. ते एखाद्या मुलाचं असतं, कधीकधी परदेशातलं, कधी शेअर्स आणि जॉइनिंग बोनस मिळवून फुगवलेलं. सरासरी पॅकेजही फसवं, कारण दोन-तीन मोठे आकडे ते वर ओढतात. बघायचा आकडा मध्यक, म्हणजे सगळे पगार क्रमाने लावले तर मधोमध येणारा. तो मिळण्याची सोपी जागा म्हणजे एनआयआरएफ, केंद्र सरकारची शिक्षणसंस्थांची क्रमवारी. क्रमवारीत भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने भरलेली माहिती तिथे पीडीएफमध्ये असते आणि त्यात चार वर्षांच्या पदवीची एक ओळ असते: पहिल्या वर्षी प्रवेश किती, थेट दुसऱ्या वर्षाला किती आले, ठरल्या मुदतीत पदवीधर किती झाले, नोकरी किती जणांना लागली, त्यांच्या पगाराचा मध्यक किती, पुढे शिकायला किती गेले.

ही ओळ डावीकडून उजवीकडे नीट वाचावी. पदवीधरांचा आकडा प्रवेशाच्या आकड्यापेक्षा बराच कमी दिसला तर वायडी (वर्ष वाया जाणं) आणि गळती जास्त आहे असं समजा. तिथे कर्ज चार वर्षांचं राहत नाही. नोकरी लागलेल्यांना पदवीधरांनी भागा. मध्यक हा फक्त नोकरी लागलेल्यांचा असतो. न लागलेले त्यात शून्य म्हणून धरलेले नसतात. शंभरात पन्नासच लागले असतील, तर ‘मध्यक पाच लाख’ म्हणजे पदवीधरांपैकी फक्त चौथ्या हिश्श्याला पाच लाख किंवा त्याहून जास्त मिळाले. शिवाय हा आकडा सगळ्या शाखांचा एकत्र असतो आणि तो संस्थेने स्वतः भरलेला असतो. कॉम्प्युटरचा थोडा वर असेल, पण दुप्पट धरू नका. ज्या कॉलेजचा आकडा कुठेच सापडत नाही, तिथे सरसकट भरतीचं पॅकेज धरूनच हिशेब करावा.

अजून एक गोष्ट फ्लेक्सवर नसते. एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाची केंद्रीय नियामक परिषद) २०२४-२५ पासून चांगल्या संस्थांसाठी शाखेच्या जागांवरची कमाल मर्यादा काढली आणि अनेक कॉलेजांनी कॉम्प्युटर, एआय, डेटा सायन्सच्या तुकड्या वाढवल्या. दोन वर्षांपूर्वीच्या लहान तुकडीचे प्लेसमेंटचे आकडे पुढच्या मोठ्या तुकडीला लावता येत नाहीत. ऑफर लेटर म्हणजे पगार नव्हे, हेही २०२२ च्या बॅचने पाहिलं आहे. पत्र हातात असून अनेकांना रुजू व्हायला महिनोन्‌महिने थांबावं लागलं. कोर्सनंतरचं हप्त्याविना वर्ष अशा वेळी कामाला येतं. ते ‘आरामाचं वर्ष’ धरून खर्चात घालवू नये.

कर्ज कमी करायची खरी जागा बँकेत नसते, ती कॅप राउंडच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीच्या पर्यायांच्या यादीत असते. कॅपमधून प्रवेश आणि कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत शिक्षण शुल्काचा निम्मा भार शासन उचलतं. मुलींसाठी २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांत, उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्यास, शिक्षण आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. मात्र अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळलेली आहेत. टीएफडब्ल्यूएसच्या (शुल्कमाफी योजनेच्या) पाच टक्के अधिसंख्य, म्हणजे वाढीव जागांवर शिक्षण शुल्कच नसतं, पण त्यांचा कटऑफ खुल्या जागेच्याही वर जातो. वसतिगृहाच्या खर्चाला पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे.

आता यात माशी कुठे शिंकते ते सांगतो. माफी शिक्षण शुल्काला आहे. विकास शुल्क, जिमखाना, ग्रंथालयाची अनामत, बस हे भरावंच लागतं. महाडीबीटीचे (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे) पैसे उशिरा येतात, आणि तोवर काही कॉलेजं पूर्ण फी मागतात किंवा हमीपत्र लिहून घेतात. दरवर्षी अर्जाचं नूतनीकरण करावं लागतं. उत्पन्नाच्या दाखल्याची तारीख उलटलेली, आधार बँक खात्याशी न जोडलेलं किंवा वर्ष नापास, यातलं एक झालं तरी शिष्यवृत्तीचा हप्ता अडतो. म्हणून कर्ज मंजूर करून घेताना पूर्ण फीचं घ्यावं आणि शिष्यवृत्ती आली की तेवढी उचल कमी करावी. व्याज उचललेल्या रकमेवरच लागतं, मंजूर रकमेवर नाही. हे बँकेच्या शाखेत कुणी आपणहून सांगत नाही.

संस्था स्तरावरच्या, म्हणजे मॅनेजमेंटच्या जागेला यातली कोणतीही फीसवलत नाही. पावतीबाहेर मागितलेल्या पैशाला बँक कर्ज देऊ शकत नाही, कारण कॅपिटेशन फी घेणं १९८७ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने गुन्हा आहे. त्यासाठी घरचं सोनं मोडून वर फीसाठी कर्ज काढणं हा या सगळ्यातला सगळ्यात वाईट सौदा. अभिमत विद्यापीठात वर्षाला चार लाख फी धरली तर सोळा लाखांची उचल हप्त्याच्या दिवशी जवळजवळ बावीस लाख होते. दहा वर्षांचा हप्ता साडेएकोणतीस हजार. सरसकट भरतीतली नोकरी लागली तर हप्ताच पगारापेक्षा मोठा, पंधरा वर्षांची मुदत घेतली तरीही. तिथला मध्यक खरोखर पंधरा लाखांच्या आसपास असेल तरच पुढे जावं.

दहावीनंतरच्या डिप्लोमातून थेट दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्यांकडे या हिशेबात उगाच कमीपणाने पाहिलं जातं. बारावी अधिक चार आणि डिप्लोमा अधिक तीन, वर्षं सारखीच. पण पदवीच्या फीचं एक पूर्ण वर्ष वाचतं, आणि ज्यावर सर्वांत जास्त व्याज चढतं ते पहिलंच.

बँकेच्या बाजूने तीन पायऱ्या आहेत. चार लाखांपर्यंत पालक सहकर्जदार, स्वतःचा वाटा शून्य. त्यापुढे देशातल्या शिक्षणासाठी पाच टक्के वाटा आपला. साडेसात लाखांपर्यंत केंद्राच्या पतहमी योजनेमुळे तारण मागू नये असं अपेक्षित आहे, आणि त्या हमीखालच्या कर्जाचा दर बँकेच्या बाह्य मानक दराच्या (रिझर्व्ह बँकेच्या रेपोसारख्या बाहेरच्या दराशी बांधलेला दर) वर दोन टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. साडेसात लाखांच्या वर तारण. इथे गावाकडच्या पालकांची गाडी अडते, कारण शेतजमिनीचा सातबारा बँक बहुधा घेत नाही. कोर्टात न जाता तारण विकून वसुली करू देणारा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नाही, त्यामुळे वसुली सोपी नाही हे बँकेला ठाऊक असतं. घर, एनए प्लॉट, मुदतठेव, एलआयसीची पॉलिसी चालते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेने चांगल्या संस्थांपुरता हा तिढा सोडवला आहे. निवडक संस्थांमध्ये (सुरुवातीला ८६०) प्रवेश मिळाला असेल तर तारण नाही, जामीनदारही नाही. उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि दुसरी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत मिळत नसेल, तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला हप्ता सुरू होईपर्यंत तीन टक्के व्याजसवलत मिळते. साडेचार लाखांच्या आतल्या उत्पन्नाला तांत्रिक अभ्यासक्रमांसाठी त्या काळाचं पूर्ण व्याज केंद्र भरतं. वरच्या उदाहरणात ते २,२०,५०० होते आणि त्यावर पुढे दहा वर्षं चढणारं व्याज आणखी १,३६,५००. एवढ्यासाठी तहसीलच्या चार चकरा माराव्यात. दाखला सक्षम अधिकाऱ्याचा लागतो, पगाराची स्लिप चालत नाही. सवलतीची मागणी दरवर्षी शाखेमार्फत जाते. आपलं नाव गेलं का हे शाखेत विचारून घ्या.

बिगरबँक वित्तसंस्थांचं कर्ज चारपाच दिवसांत होतं, तारण न घेता मोठी रक्कम मिळते, मॅनेजमेंटच्या सीटलाही मिळतं. त्याची किंमत दरात असते. प्रक्रिया शुल्क एक-दोन टक्के, शिक्षण चालू असतानाच व्याजाचा हप्ता सुरू, आणि दर त्यांच्या स्वतःच्या मानकाशी बांधलेला. बँकांच्या बदलत्या दराच्या किरकोळ कर्जांना ऑक्टोबर २०१९ पासून बाह्य मानकाची सक्ती आहे आणि किमान तीन महिन्यांतून एकदा दर ताजा करावा लागतो. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून रेपो ६.५ वरून ५.५ टक्क्यांवर आला तेव्हा बँकेच्या कर्जदाराला तो फरक आपोआप पोहोचायचा होता; बिगरबँक संस्थेला तसं बंधन नाही. केंद्राची व्याजसवलतही तिथे मिळत नाही. अगदी अडलं तर घ्यावं, आणि नोकरी लागल्यावर बँकेकडे वळवावं.

मंजुरीपत्र हातात आलं की सहीआधी पाच ओळी शोधा. मोरॅटोरियम, म्हणजे हप्त्याविना काळ, ‘कोर्स अधिक बारा महिने’ आहे की ‘नोकरी लागल्यापासून सहा महिने’. त्या काळातलं व्याज सरळ आहे की दरमहा मुद्दलात मिळवलं जाणार. दरातला फरक रेपोच्या वर किती. मुलींसाठीची दरातली सवलत लावली आहे का. अनेक सरकारी बँका अर्धा टक्का देतात. आणि विम्याचा एकरकमी हप्ता कर्जात घुसवला आहे का. पालकाच्या जिवावर घर चालत असेल तर टर्म विमा हवाच, पण बाहेरून घेतलेला स्वस्त पडतो आणि त्यावर दहा वर्षं व्याज चढत नाही.

कॉलेज सहामाही फी घेत असेल तर बँकेकडूनही अर्धी-अर्धी उचल करा. पंचाहत्तर हजार सहा महिने उशिरा उचलले तर दर वर्षी ३,९३७ रुपये व्याज वाचतं. रक्कम थेट कॉलेजच्या खात्यात जाते आणि त्यासाठी दरवर्षी मागणीपत्र आणि गुणपत्रिका लागते. एटीकेटी (विषय मागे राहिलेले) असेल तर बँकेच्या काही शाखा उचल थांबवतात, आणि फीची तारीख कुणासाठी थांबत नाही. निकाल लागला की त्याच आठवड्यात कागद द्या. वर्ष गेलं तर गप्प बसू नका. कोर्सची मुदत वाढवून घेण्याचा अर्ज वेळेत दिला नाही तर जुन्या तारखेला हप्ता सुरू होतो आणि नव्वद दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे बुडीत गटात. त्याचा डाग पालकाच्या सिबिलवरही पडतो.

शिकत असतानाच व्याज भरणं जमलं तर सोनंच. पहिल्या वर्षी महिन्याला १,३१२, दुसऱ्या वर्षी २,६२५, तिसऱ्या वर्षी ३,९३८, पुढे ५,२५०. असं केलं तर हप्ता ११,०७० ऐवजी ८,१०० च्या आत येतो, आणि काही बँका यासाठी दरात एक टक्का सूट देतात. घरून जमत नसेल तर निदान पहिल्या पगारापासून ५,२५० भरत राहा, हप्ता सुरू व्हायची वाट न बघता. ऑटो-डेबिटची तारीख पगाराच्या तारखेनंतरची घ्या. एक तारखेचा हप्ता आणि पाच तारखेचा पगार म्हणजे दरमहा बाउन्सचा दंड.

कलम ८०ई च्या करसवलतीचा गाजावाजा बराच होतो. व्याजावर, मुद्दलावर नाही, आठ वर्षं वजावट, वर मर्यादा नाही. पण ती फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. नव्या प्रणालीत २०२५-२६ पासून पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत करच लागत नाही, मग नव्या इंजिनिअरने वजावट घ्यायची कशातून? फायदा होतो तो जुन्या प्रणालीत असलेल्या, सहकर्जदार म्हणून स्वतःच्या खात्यातून व्याज भरणाऱ्या पालकाला. व्याजाचा दाखला बँकेकडून एप्रिलमध्येच मागून घ्यावा.

शेवटचा हप्ता गेला की नो-ड्यूज पत्र घ्या आणि महिना-दीड महिन्याने सिबिलमध्ये खातं ‘बंद’ दिसतं का ते बघा. तारण ठेवलं असेल तर घराचे मूळ कागद तीस दिवसांत परत द्यायला बँक बांधील आहे. १ डिसेंबर २०२३ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई मिळते. अर्ज लेखी द्या आणि पोचपावतीवर शिक्का मारून घ्या.